आधी मांजर पाहावे, मग घडवावे

हाताने केलेल्या मांजराच्या चित्रात किंवा मूर्तीत जी उणीव राहते, ती बहुधा हाताच्या कसबाची नसते. दोन त्रिकोणी कान, दोन्ही गालांवर तीन-तीन रेघा, बशीएवढे डोळे आणि गळ्यात लाल रिबीन एवढे जमले की मांजर झाले, असे आपण बालवाडीपासून धरून चालतो. प्रत्यक्षात ते मांजर कोणाच्याच घरातले नसते. वाटीतले स्वच्छ पाणी सोडून कूलरच्या टाकीत तोंड घालणारे, चार पाहुण्यांमधून नेमके मांजर न आवडणाऱ्या माणसाच्याच मांडीवर जाऊन बसणारे आणि फळीवरची डबी आपल्याकडे पाहत पाहत खाली ढकलणारे मांजर त्या चित्रात सापडत नाही. म्हणून चित्र, मातीकाम आणि शिवणकाम यांच्या कृती सांगताना मांजराच्या खोडींचाही विचार येथे बरोबरीने केला आहे, कारण खोड कळली नाही तर कृती कितीही नेटकी केली तरी हाती येते ते भेटकार्डावरचेच मांजर.

अशा कामाला निमित्त हवे असेल तर ८ ऑगस्ट हा आंतरराष्ट्रीय मांजर दिन २००२ सालापासून पाळला जातो. नागपूरकरांना ही तारीख दुहेरी सोयीची आहे. गणपती जवळ आल्याने महाल भागातल्या चितार ओळीत तेव्हा मूर्तिकारांकडे मळलेली माती तयार असते, आणि पावसाळी हवेत मातीची वस्तू हळूहळू वाळत असल्याने तिला तडे कमी जातात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या तान्हा पोळ्यासाठी लाकडी नंदी सजवण्याची तयारीही घरोघरी याच सुमारास सुरू होते, त्यामुळे रंग, कुंचले, मणी आणि उत्साहाने हात बरबटलेली मुले यांची वानवा नसते.

पाहण्याची वही

रंग आणण्याआधी एक साधी वही करावी आणि निदान आठवडाभर तिच्यात फक्त नोंदी घ्याव्यात. वेळ निवडताना मांजराची वेळ धरावी, आपली नव्हे. मांजर मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला हालचाल करणारे जनावर आहे; दिवसाचे बारा ते सोळा तास ते झोपेत किंवा पेंगत काढते. दुपारी दोन वाजता वही घेऊन बसणाऱ्याला झोपलेल्या मांजराखेरीज काही दिसणार नाही. अर्थात सुरुवातीला तेच बरे, कारण झोपलेले मांजर जागा सोडत नाही.

झोपलेल्या मांजराचा आकार ऋतू ठरवतो, आणि या बाबतीत नागपुरात राहणारा चित्रकार भाग्यवान आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली उतरतो तेव्हा मांजर नाकावर शेपूट ओढून घट्ट वेटोळे करते, कारण त्या आकारात अंगाचा कमीत कमी भाग हवेला उघडा राहतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, कधी त्याच्याही पुढे जातो, तेव्हा तेच मांजर मोरीजवळच्या फरशीवर पोट टेकून, चारही पाय चार दिशांना सोडून इतके लांब पसरते की वेटोळ्यातले मांजर ते हेच, हे पटत नाही. मांजराला साधारण ३० ते ३८ अंश हे तापमान सुखाचे असते, त्यामुळे आपण पंखा लावण्याच्या बेतात असतो तेव्हा ते खुशाल उन्हात लोळत असते. वहीच्या प्रत्येक पानावर तारखेसोबत त्या दिवसाचे तापमान लिहून ठेवले तर वर्षभरात आकारांची एक उत्तम मालिका आपोआप तयार होते. मात्र उन्हाळ्यात मांजर तोंड उघडून कुत्र्यासारखे धापा टाकू लागले तर ती खोड समजू नये. अशा वेळी वही बाजूला ठेवून त्याला गार जागी न्यावे, अंग ओल्या फडक्याने पुसावे, पाणी पुढे ठेवावे आणि लगेच पशुवैद्यांना गाठावे.

जाग्या मांजराच्या नोंदीत शेपूट, कान आणि डोळे यांना स्वतंत्र रकाने द्यावेत. शेपूट सरळ उभी असून तिचे टोक किंचित वळलेले असेल तर मांजर स्नेहाने येत आहे. बसल्या जागी शेपटीचे टोक फटाफट आपटत असेल तर त्याला आपला कंटाळा आला आहे आणि कागद आवरण्याची वेळ झाली आहे. शेपटीवरचे केस बाटली धुण्याच्या ब्रशासारखे उभे राहिले तर ते घाबरलेले आहे. कान दोन्ही बाजूंना आडवे पडले तर चिडण्याआधीची सूचना समजावी. खुर्चीच्या पायाला किंवा आपल्या पोटरीला गाल घासणे हे लाडिक दिसते खरे, पण गालांतल्या गंधग्रंथींचा वास तिथे लावून ‘हे माझ्या ओळखीचे’ अशी खूण करणे हाही त्यामागचा हेतू असतो. उशी किंवा आपले पोट पुढच्या पायांनी आळीपाळीने मळणे ही सवय दूध पिताना आईचे पोट दाबण्यातून आलेली आहे आणि बहुतेक मांजरे ती म्हातारपणापर्यंत सोडत नाहीत. घुरघुर मात्र फसवी असते. सुखात घुरघुरणारे मांजर आजारात आणि वेदनेतही घुरघुरते, म्हणून आवाजाबरोबर डोळे आणि अंगाची ठेवण पाहिल्याखेरीज नोंद पुरी करू नये.

मांजर न आवडणाऱ्याच्या मांडीवर ते का बसते, याचे उत्तरही डोळ्यांतच आहे. तो माणूस त्याच्याकडे टक लावून पाहत नाही आणि त्याला उचलायलाही धावत नाही. मांजरांच्या भाषेत रोखून पाहणे ही धमकी आहे, आणि सावकाश डोळे मिटून उघडणे हे विश्वासाचे लक्षण. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले, की माणसाने मांजराकडे पाहत डोळे सावकाश मिटले तर मांजरही डोळे बारीक करून प्रतिसाद देते, आणि असे करणारा माणूस अनोळखी असला तरी त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे येण्याची शक्यता वाढते. चित्र काढणाऱ्याला हे फार उपयोगी आहे, कारण चित्रासाठी तो नेमके मांजराला न रुचणारे काम, म्हणजे रोखून पाहणे, करत असतो. दर दोन-चार रेघांनंतर नजर खाली न्यावी, मध्येच डोळे सावकाश मिटावेत आणि मग पुन्हा पाहावे.

खोक्यात बसण्याची खोड नोंदवायची असेल तर थोडी गंमत करता येते. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने साधारण दीड फुटाचा चौकोन आखावा आणि दूर जाऊन बसावे. पुष्कळ मांजरे त्या नसलेल्या खोक्यात येऊन बसतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर चौकोनाच्या बाजू न काढता फक्त कोपऱ्यांचा भास निर्माण करणाऱ्या आकृतीतही मांजरे जाऊन बसल्याचे दिसले. खरे खोके द्यायचे असेल तर मिक्सरचे किंवा पंख्याचे द्यावे. नागपुरात हाताशी असते ते संत्र्यांचे खोके. पण संत्र्याच्या सालीचा वास मांजरांना सहसा सोसत नाही, त्यामुळे ते खोके कितीही सुंदर रंगवले तरी बराच काळ रिकामेच राहील. ज्या कुंडीतली माती मांजर उकरते तिच्याभोवती मात्र त्याच साली पसरून ठेवता येतात.

कागदावर उतरवताना

पहिली चित्रे अर्ध्या मिनिटाची असावीत. जाड टोकाची पेन्सिल किंवा कोळशाचा तुकडा घेऊन पाठीच्या कण्याची एकच वळलेली रेघ नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत न थांबता ओढावी. मग खांदा आणि ढुंगण यांसाठी दोन अंडाकार आणि डोक्यासाठी एक लहान वर्तुळ घालावे. कान, डोळे, मिशा यांना या टप्प्यावर हात लावू नये. सुरुवात डोळ्यांपासून करणाऱ्याचे मांजर पुढे नेहमी डोळ्यांनाच टांगलेले दिसते.

आकार जमू लागला की शरीराच्या काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात, कारण अंदाजाने काढताना चूक हमखास इथेच होते. मांजर टाचा टेकून चालत नाही, बोटांवर चालते. मागच्या पायात उलटा गुडघा वाटतो तो खरे तर घोटा आणि टाच असते. खरा गुडघा वर पोटाजवळ केसांत लपलेला असतो. पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्या प्रत्येक पायाला चार बोटे असतात, पण पुढचे पाचवे बोट आतल्या बाजूला वर असल्याने पंजा समोरून काढताना चारच दाखवावीत. चालताना एका बाजूचा मागचा पाय आधी आणि त्याच बाजूचा पुढचा पाय लगेच नंतर उचलला जातो, आणि मागचा पंजा जवळजवळ पुढच्या पंजाच्याच ठशावर पडतो. दबा धरून पुढे सरकणाऱ्या मांजराच्या पाठीच्या रेषेवर खांद्याची हाडे दोन उंचवट्यांसारखी वर येतात. ते उंचवटे दाखवले की त्या चित्रात शिकार आपोआप येते.

मिशा दोन्ही गालांवर प्रत्येकी बाराच्या आसपास असतात आणि त्या साधारण चार ओळींत उगवतात. भुवयांवर त्या असतातच, पण पुढच्या पायांच्या मागच्या बाजूला, मनगटाजवळही असतात. पकडलेल्या शिकारीची हालचाल त्यांनी कळते. मिशा ओढण्याची रीत अशी, की मुळाशी कुंचला टेकवून बाहेरच्या दिशेने एकदम उचलावा, म्हणजे रेघ मुळाशी जाड आणि टोकाला अदृश्य होते. निवांत मांजराच्या मिशा बाजूंना जातात आणि कुतूहलाने भारलेल्या मांजराच्या पुढे झेपावतात. गंमत अशी की फक्त मिशांची दिशा बदलून एकाच चेहऱ्याचे दोन स्वभाव दाखवता येतात.

डोळ्यांची बाहुली चित्रातल्या वेळेशी जुळली पाहिजे. भर दुपारी ती उभी फट होते, संध्याकाळी बदामी आणि अंधारात जवळजवळ पूर्ण गोल. उन्हात पसरलेल्या मांजराला मोठ्या गोल काळ्या बाहुल्या काढल्या तर ते झोपाळू नव्हे, भेदरलेले दिसते. लहान पिल्ले रंगवणार असाल तर त्यांचे डोळे निळेच ठेवावेत, कारण मोठेपणीचा रंग सहा-आठ आठवड्यांचे वय झाल्यावर हळूहळू येऊ लागतो.

अंगाच्या रंगातही काही गोष्टी चित्रकाराच्या मर्जीवर सोडलेल्या नाहीत. पट्टेरी मांजराच्या कपाळावर ‘एम’ या रोमन अक्षरासारखी खूण असते, आणि डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यातून गालाकडे जाणारी काजळाची रेघही. नारिंगी मांजर एकसारख्या नारिंगी रंगाने भरू नये. निरखून पाहिले तर त्याच्या अंगावर कुठे ना कुठे पुसट पट्टे असतातच. पांढरा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग ठिगळांसारखे अंगावर बाळगणारे मांजर जवळजवळ नेहमी मादी असते, म्हणून अशा मांजराला बोका म्हणून चित्राखाली नाव घालू नये. याचे कारण असे, की नारिंगी रंगाचा गुण एक्स गुणसूत्रावर असतो. मादीत ती दोन असतात आणि प्रत्येक पेशीत त्यांतले एकच चालू राहते, त्यामुळे अंगावर काळी आणि नारिंगी ठिगळे शेजारी शेजारी उमटतात. हा गुण नेमका कोणत्या जनुकाशी जोडलेला आहे, हे जपान आणि अमेरिकेतल्या दोन संशोधक गटांनी २०२५ साली प्रसिद्ध केले.

नमुना म्हणून जुनी चित्रे पाहायची असतील तर मी कालीघाटच्या पटांकडे बोट दाखवीन. एकोणिसाव्या शतकातल्या कोलकात्याच्या त्या पटुआंनी, म्हणजे पट रंगवणाऱ्या चित्रकारांनी, तोंडात कोळंबी किंवा मासा धरलेले मांजर चार-सहा जाड रेघांत असे उभे केले, की त्याच्या कपाळावरच्या वैष्णवी टिळ्याची मार्मिक टीका न कळणाऱ्यालाही ते मांजर लबाड आहे हे कळते. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या भव्य शिल्पपटावरही मागच्या पायांवर उभे राहून तपाचा आव आणणारे मांजर आहे आणि त्याच्या पायाशी भाबडे उंदीर आहेत. महाभारताच्या उद्योगपर्वात अशाच ढोंगी मांजराची कथा येते. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराची आपली म्हणही त्याच घराण्यातली. आपल्या परंपरेने मांजराला गोंडस कमी आणि बिलंदर जास्त मानले, आणि माझ्या मते चित्राच्या दृष्टीने तेच अधिक फायद्याचे आहे.

मातीचे मांजर

मातीकामासाठी पहिली मुद्रा निवडावी ती चारही पाय अंगाखाली घेऊन पावासारखे बसलेल्या मांजराची. तिच्यात सुटे पाय नसतात, शेपूट अंगाला चिकटलेली असते आणि मोडण्यासारखे फक्त दोन कान उरतात. वीतभर लांबीच्या मूर्तीसाठी सुमारे दोन किलो मळलेली माती पुरते. मातीत थोडा पिंजलेला कापूस किंवा भिजवून पिळलेला कागदाचा लगदा मिसळून ती पुन्हा मळावी, म्हणजे वाळताना ती कमी फाटते. जुन्या बाया कागदाच्या लगद्यात मेथीची पूड घालून टोपल्या सारवत असत. तीच मेथी इथेही चालते आणि कीड दूर ठेवायलाही मदत करते.

जाड पोळीसारखी माती थापून ती वर्तमानपत्राच्या घट्ट गोळ्यावर घुमटासारखी बसवावी. भिंत सगळीकडे साधारण बोटाच्या जाडीची राहील हे पाहावे, कारण जाडी असमान राहिली की पातळ भाग आधी वाळून आक्रसतो आणि नेमका सांध्यावर तडा जातो. डोके वेगळे वळून घ्यावे. जोडण्याच्या दोन्ही जागी काडीने आडवेतिडवे ओरखडे पाडावेत, त्यावर मातीचा दाट गारा लावावा आणि डोके दाबून, किंचित फिरवून बसवावे. नुसती ओली बोटे फिरवून केलेला जोड वाळल्यावर हमखास निखळतो. कान पानासारखे चपटे करून चिकटवण्याचा मोह टाळावा. मांजराचा कान खालच्या बाजूला गुंडाळलेल्या द्रोणासारखा असतो आणि त्याच्या बाहेरच्या कडेवर एक लहानशी दुहेरी घडी असते. ती घडी टाचणीच्या टोकाने दाखवली की मूर्तीला एकदम ओळख येते. दोन्ही कान एकाच दिशेला वळवू नयेत. मांजर एक कान आपल्याकडे आणि दुसरा स्वयंपाकघराकडे लावून बसते, आणि मातीत ते दाखवायला काहीच जास्त कष्ट पडत नाहीत.

मूर्ती टणक पण ओलसर असताना तिच्या तळातून वर्तमानपत्राचा गोळा सोडवून घ्यावा, आणि मग ती ओल्या फडक्याखाली दोन दिवस व पुढे सावलीत आठवडाभर वाळू द्यावी. एप्रिल-मे महिन्यांत नागपूरच्या कोरड्या हवेत हे काम शक्यतो करूच नये, कारण सकाळी केलेली मूर्ती दुपारी वरून दगड आणि आतून चिखल अशी होते. पूर्ण वाळल्यावर गेरू, पिवडी आणि काजळी यांत डिंकाचे पाणी घालून रंग द्यावा. चुना वापरू नये. तो ओला असताना मांजराच्या पंजाला लागला आणि त्याने चाटला तर तोंड भाजते. मिशांसाठी केरसुणीच्या बारीक काड्या ओल्या मातीत खोचून ठेवता येतात, पण मला मिशा नसलेलीच मातीची मांजरे आवडतात; पाहणाऱ्याचे डोळे त्या आपोआप भरून काढतात.

तान्हा पोळ्याच्या नंदीसारखे चाकांवरचे मांजर करण्याची हौस मुलांना असतेच. त्यासाठी मातीऐवजी हलके लाकूड किंवा कागदाचा लगदा घ्यावा आणि मांजर सरळ उभे न करता दबा धरलेले करावे, म्हणजे दोरीने ओढताना ते खरोखर सरपटल्यासारखे दिसते. फक्त मुलांना एक गोष्ट आधीच बजावावी, की पोळ्याला बैलाची शिंगे रंगवतात म्हणून घरातल्या मांजराला रंग लावायचा नाही. मांजर आपले अंग जिभेने स्वच्छ करते, त्यामुळे अंगावरचा प्रत्येक रंग शेवटी त्याच्या पोटात जातो.

गोधडी आणि दोऱ्याची जोखीम

मांजरासाठी शिवायची वस्तू म्हणून गोधडीसारखी दुसरी नाही. दोन जुनी सुती लुगडी किंवा साड्या घ्याव्यात, त्यांचे सहा-सात पदर करून दीड फूट लांबी-रुंदीचा चौकोन कापावा आणि कडेकडून आत येत धावदोरा घालावा. टाका अर्ध्या सेंटीमीटरहून मोठा नसावा, कारण मांजर गोधडीवर बसण्यापूर्वी ती मळणार आणि लांब टाक्यात नख अडकणार. कापड नवे आणण्याची गरज नाही, किंबहुना आणूच नये. रोजच्या वापरातल्या साडीला घरच्या माणसाचा वास असतो आणि मांजराला तोच हवा असतो. सुगंधी साबणाने धुतलेल्या नव्या कोऱ्या गादीकडे पाठ फिरवून ते तिच्या खोक्यात झोपते, हा अनुभव पुष्कळांना असेल. मधल्या चौकोनात मांजराची आकृती ठिगळाने जोडायची असेल तर मणी, टिकल्या आणि जर वर्ज्य समजावीत.

शिवणकाम करताना मांजर जवळ येणारच, आणि इथे थोडे कठोर व्हावे लागते. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. त्या काट्यांवर दोरा, लोकर किंवा रिबीन चढली की ती त्याला थुंकता येत नाही, गिळावीच लागते. गिळलेल्या दोऱ्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकते आणि उरलेला दोरा आतड्यात पुढे सरकत राहतो, त्यामुळे आतडे नाडीवर चुणलेल्या कापडासारखे गोळा होते आणि ताणलेला दोरा त्याला चिरू शकतो. मांजराच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नये; ओढण्याने हीच चिरण्याची क्रिया होते. त्याला काही खाऊ न घालता थेट पशुवैद्यांकडे न्यावे. सेमिनरी हिल्स भागातल्या नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयात प्राण्यांवर उपचार होतात, पण दवाखान्याच्या वेळा आणि रात्री गाठता येईल अशा एखाद्या खाजगी डॉक्टरांचा क्रमांक आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेला बरा. लोकरीच्या गुंड्याशी खेळणारे मांजर चित्रात शोभते. प्रत्यक्षात गुंडा झाकणाच्या डब्यात, सुई सुईदाणीत आणि दोऱ्याचा प्रत्येक तुटका तुकडा लगेच केराच्या डब्यात गेला पाहिजे.

हस्तकलेच्या आणखी काही सामानाला मांजराच्या घरात जागा नाही. मीठ घालून मळलेल्या कणकेच्या शोभेच्या वस्तू मुले हौसेने करतात, पण त्यांतले मीठ मांजराला विषबाधा होण्याइतके जास्त असते. टर्पेंटाइन, तेलरंग, चमकी, निलगिरीसारखी उडती तेले आणि कापडात ठेवायच्या डांबरगोळ्या हे सारे टाळावे. काम झाल्यावर फरशी पुसताना फिनाईलही नको. ते पंजांना लागते आणि पंजे चाटले जातात.

उरलेल्या केसांचे आणि पावलांचे काम

होळीच्या सुमारास मांजराचे हिवाळी केस भराभर गळू लागतात. बारीक दातांच्या फणीने रोज पाच मिनिटे विंचरले तर घरभर उडणारे केस एका कागदी पिशवीत जमतात, आणि त्यांचा नमदा होतो, म्हणजे लोकर दाबून करतात तसा घट्ट थर. पाठीवरचे राठ केस बाजूला काढून मऊ, लवदार केस घ्यावेत, ते हातांनी पिंजून लिंबाएवढा सैल गोळा करावा आणि कोमट पाण्यात सौम्य साबण घालून तळहातांमध्ये आधी हलक्या हाताने, मग जोर देत वळत राहावे. प्रत्येक केसावर सूक्ष्म खवले असतात. कोमट साबणपाण्यात घासले जाताना ते एकमेकांत गुंततात आणि गोळा निम्म्याने लहान व टणक होतो. पंधरा-वीस मिनिटे धीर धरावा लागतो, कारण पहिली पाच मिनिटे हातात फक्त ओला गुंता असतो. स्वच्छ धुऊन वाळवलेला असा गोळा मांजर जीव तोडून पळवते, कारण त्याला त्याचाच वास असतो. तो मात्र तोंडात मावणार नाही एवढा मोठा असावा आणि त्याचे केस सुटू लागले की काढून घ्यावा.

पावलांचे ठसे घेण्यासाठी पंजा रंगात बुडवण्याची पद्धत आहे, ती सोडून द्यावी. काळ्या जाड कागदावर पिठाच्या चाळणीने तांदळाचे पीठ अगदी पातळ, एकसारखे भुरभुरावे आणि कागद मांजराच्या रोजच्या वाटेवर, म्हणजे बहुधा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ, ठेवावा. रांगोळी वापरू नये. ती दगडाची पूड असते. मांजर आधी कागद हुंगेल, एकदा वळसा घालून जाईल आणि आपण आशा सोडल्यावर त्यावरून चालेल. मधली मोठी गादी आणि तिच्यासमोर कमानीत चार लहान गाद्या, असा ठसा काळ्यावर स्वच्छ उमटतो, आणि त्यात नखे दिसत नाहीत, कारण चालताना मांजर नखे आत ओढून घेते. कुत्र्याच्या ठशात ती दिसतात. फाटकाजवळच्या ओल्या मातीत कोण येऊन गेले हेही त्यावरून ओळखता येते. ठशाचा वरून फोटो काढावा, पातळ कागदावर त्याची बाह्यरेषा उतरवावी आणि तीच आकृती गोधडीच्या कोपऱ्यावर किंवा मातीच्या मूर्तीच्या तळाशी कोरावी.

मूर्ती कोठे ठेवायची, हेही मांजराला विचारूनच ठरवावे लागते. फळीच्या कडेला ठेवलेली कोणतीही हलकी वस्तू ढकलून पाहणे ही त्याची शिकारी सवय आहे, आणि ती पडल्यावर आपण धावत आलो तर तो खेळ त्याला आणखी आवडतो. म्हणून मूर्तीच्या पोकळीत कोरडी वाळू भरून तळ मातीने बंद करावा, खाली जुन्या नमद्याचा किंवा रबराचा तुकडा चिकटवावा आणि ती मांजराच्या उडीच्या मार्गात नसलेल्या, भिंतीला लागून असलेल्या जागी ठेवावी. मांजर ज्या कोनाड्यात आधीपासून बसते तो कोनाडा त्याच्याकडेच राहू द्यावा.